मेटा-फिनिलीन इथाइनिलीनची साखळी फेब्रुवारीत वळली, जुलैत वळत नाही: दोष संश्लेषणाचा की मोजणीचा?

प्रश्न – कातळसडा (रत्नागिरी)

सर्वांना नमस्कार. मी रत्नागिरीतील एका महाविद्यालयात रसायनशास्त्राची संशोधक विद्यार्थिनी आहे. संयुग्मित (एकाआड एक बहुबंध असलेल्या) पॉलिमरच्या साखळ्या द्रावणात स्वतःहून कशा वळतात, हा माझ्या प्रबंधाचा विषय आहे. गेले तीन आठवडे मी एकाच जागी अडकले आहे, म्हणून येथे सविस्तर लिहीत आहे.

माझ्या मोनोमरमध्ये, म्हणजे साखळीच्या एकेका घटक रेणूत, बेंझिनच्या एका वलयावर, परस्परांच्या मेटा स्थानी (मध्ये एकेक कार्बन सोडून), एका जागी आयोडीन, दुसऱ्या जागी तिहेरी बंधाचे मोकळे टोक आणि तिसऱ्या जागी एस्टरमार्फत जोडलेली ट्रायइथिलीन ग्लायकॉलची शेपटी आहे. सोनोगाशिरा जोडणीने, म्हणजे पॅलेडियम, कॉपर आयोडाइड आणि ट्रायइथिलअमाइन वापरून, एका रेणूच्या आयोडीनच्या जागी दुसऱ्या रेणूचे तिहेरी बंधाचे टोक जोडले जाते आणि साखळी वाढत जाते. अशी साखळी क्लोरोफॉर्ममध्ये सैल राहते आणि ॲसिटोनायट्राइलमध्ये गुंडाळून मळसूत्रासारखी होते, हे इलिनॉय विद्यापीठातील जेफ्री मूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1997 मध्ये दाखवले. वळण झाले की नाही हे ओळखण्यासाठी 303 आणि 289 नॅनोमीटरवरील शोषणाचे गुणोत्तर काढतात. साखळी वळली की 303 चे शिखर खाली येते.

फेब्रुवारीत केलेल्या पहिल्या नमुन्यात हे गुणोत्तर क्लोरोफॉर्ममध्ये 1.08 आणि ॲसिटोनायट्राइलमध्ये 0.74 आले, तेव्हा फार आनंद झाला होता. जुलैत त्याच कृतीने केलेल्या दुसऱ्या नमुन्यात ते अनुक्रमे 1.15 आणि 1.02 आले. पहिला नमुना फिकट पिवळा होता, दुसरा तपकिरी झाक असलेला आहे, आणि ॲसिटोनायट्राइलमधले त्याचे द्रावण थोडे दाट केले की गढूळ होते. जीपीसीसाठी, म्हणजे साखळ्यांची लांबी मोजणाऱ्या चाचणीसाठी, दोन्ही नमुने बाहेर पाठवले होते. तेथून साखळीची सरासरी लांबी पहिल्याची 24 एकके आणि दुसऱ्याची 20 एकके अशी कळली, म्हणजे लांबीत फारसा फरक नाही.

माझा संशय पावसाळ्यावर आहे. कपाटातील सिलिका जेलचे निळे खडे दोन दिवसांत गुलाबी होत आहेत, आणि वजनकाट्यावर ठेवलेला ग्लायकॉलचा एस्टर डोळ्यांदेखत जड होत जातो. तेव्हा मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. दुसरा नमुना दमट हवेमुळे बिघडला असेल का? फेब्रुवारीच्या नमुन्यात 303 चे शिखर खाली आले, ते खरोखर एकेका साखळीच्या वळण्यामुळे, की अनेक साखळ्या एकमेकींना चिकटल्यामुळे? आणि आमच्याकडे सीडी, म्हणजे वर्तुळाकार ध्रुवित प्रकाशाचे शोषण मोजणारे यंत्र नाही, तर त्याविना हे ठरवता येईल का?

उत्तर – खाडीकाठ (देवगड)

तुमचा दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण तो सुटल्याशिवाय पहिल्याच्या उत्तराला काही आधार राहत नाही. मी बरीच वर्षे भौतिक रसायनशास्त्र शिकवले आणि आता निवृत्त आहे, त्यामुळे यंत्राविना काय करता येईल याचा विचार करण्याची मला सवय आहे.

साखळी का वळते ते नेमके पाहा. तिचा सांगाडा, म्हणजे वलये आणि तिहेरी बंध, ॲसिटोनायट्राइलमध्ये राहण्यास नाखूष असतो, तर ग्लायकॉलच्या शेपट्यांना तोच द्रावक मानवतो. सांगाड्याला द्रावकापासून लपायचे असते आणि मेटा जोडणीमुळे प्रत्येक वलयापाशी 120 अंशांचा कोन आपोआप मिळालेला असतो, म्हणून सहा वलयांचा एक वेढा पूर्ण होऊन सातवे वलय पहिल्यावर जाऊन बसते. वलयाचा सपाट चेहरा शेजारच्या वेढ्यातील वलयाच्या चेहऱ्याला सुमारे 0.35 नॅनोमीटर अंतरावर भिडतो आणि शेपट्या बाहेरच्या बाजूला पसरतात. मात्र द्रावकापासून लपण्याची हीच ओढ दोन वेगळ्या साखळ्यांनाही एकमेकींकडे नेते. वळणे आणि चिकटणे यांमागचे बल एकच असल्यामुळे, नुसते शोषण घटले एवढ्यावरून कोणती क्रिया घडली हे सांगता येत नाही.

ते सांगणारी कसोटी अगदी साधी आहे. एकाच नमुन्याची दोन द्रावणे करा, एक दुसऱ्याच्या दहापट दाट. पातळ द्रावण 1 सेंटिमीटरच्या क्युवेटमध्ये (प्रकाश आरपार जाणाऱ्या छोट्या चौकोनी पात्रात) आणि दाट द्रावण 1 मिलिमीटरच्या क्युवेटमध्ये घाला, म्हणजे प्रकाशाच्या वाटेत दोन्हीकडे सारखेच रेणू येतील. दोन्ही वर्णपट एकमेकांवर तंतोतंत बसले तर साखळी एकटीच वळत आहे, कारण एकट्या साखळीला शेजारी किती गर्दी आहे याने फरक पडत नाही. वर्णपट जुळले नाहीत तर साखळ्या एकमेकींत गुंतत आहेत. त्याच वेळी 450 नॅनोमीटरच्या आसपास लक्ष ठेवा. तुमची साखळी तेथे प्रकाश शोषत नाही. म्हणून तेथील रेषा शून्यावरून उचललेली दिसली तर तो कणांमुळे विखुरलेला प्रकाश आहे असे समजा.

यात दोन गोष्टी सांभाळा. क्युवेट क्वार्ट्झचाच घ्या, कारण साधी काच या भागात स्वतःच प्रकाश अडवते. आणि क्युवेट ॲसिटोनने धुऊन घाईने वापरू नका. ॲसिटोन 330 नॅनोमीटरच्या खाली शोषतो, त्यामुळे पावसाळ्यात नीट न सुकलेल्या क्युवेटमधील त्याचा एखादा थेंबही 289 आणि 303 या दोन्ही आकड्यांची वाट लावतो. आमच्या प्रयोगशाळेत या एका कारणाने अनेक दिवसांचे काम वाया गेलेले मी पाहिले आहे.

यापुढची पायरी म्हणजे द्रावकांचे मिश्रण. क्लोरोफॉर्म 100 टक्के, मग 90 टक्के, 80 टक्के असे करत ॲसिटोनायट्राइलपर्यंत या आणि प्रत्येक ठिकाणी गुणोत्तर मोजा. प्रथिनांचा अभ्यास करणारे युरियाचे प्रमाण बदलून जे करतात तेच हे आहे. आलेख सरळ उतरत गेला तर फारसे काही सिद्ध होत नाही. पण काही अंतर सपाट जाऊन, मग तीव्र उतरून, पुन्हा सपाट झाला, तर वेढे एकमेकांच्या आधाराने बसत आहेत असे म्हणता येते. साखळी जितकी लांब तितका हा उतार तीव्र.

सीडी यंत्र नसल्याची खंत तुम्ही बाळगू नका. तुमच्या साखळीत कायरल, म्हणजे डावे-उजवे असा भेद असलेले, काहीच नाही, त्यामुळे डावी आणि उजवी मळसूत्रे सारख्याच संख्येने तयार होतील आणि ते यंत्र तुम्हाला सपाट रेषाच दाखवील. त्याचा उपयोग मळसूत्राच्या पोकळीत एखादा कायरल रेणू जाऊन बसला तर होतो. मूर यांच्या गटाने 12 एककांच्या साखळीच्या पोकळीत टर्पेंटाइनमधील अल्फा-पायनीन अडकवून हे दाखवले आहे. ते काम पुढचे. आज तुम्हाला यूव्हीचे, म्हणजे शोषण मोजण्याचे, यंत्र पुरेसे आहे.

उत्तर – भट्टी आणि फ्लास्क (लोटे परशुराम)

मी कारखान्यात प्रक्रिया विभागात काम करतो. घड्यांच्या शास्त्रातले मला फार कळत नाही, परंतु सोनोगाशिरा जोडणी मी मोठ्या प्रमाणावर चालवली आहे, म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाबद्दल लिहितो.

दमट हवेला दोष देऊ नका. ही जोडणी पाण्याला एवढी घाबरत नाही. पाणी मिसळलेल्या द्रावकातही ती चालवतात. ती घाबरते ऑक्सिजनला. तांबे आणि अमाइन हजर असताना हवा शिरली की तिहेरी बंधाची दोन टोके आयोडीनला सोडून एकमेकांनाच जोडली जातात. ग्लेझर यांनी 1869 मध्ये सांगितलेली हीच ती क्रिया. तुमच्या कृतीत पॅलेडियम आणि तांबे दोन्ही आहेत, म्हणजे फ्लास्कमध्ये दोन क्रियांची शर्यत लागलेली असते आणि त्यातली दुसरी सर्वस्वी हवेवर जगते.

म्हणून मला तीन गोष्टी सांगा. जुलैत नायट्रोजन कोठून दिला, सिलिंडरच्या नळीने की फुग्याने? द्रावकातील विरघळलेली हवा काढली होती का, आणि काढली असेल तर कॉपर आयोडाइड टाकण्याच्या आधी की नंतर? कॉपर आयोडाइडची बाटली किती जुनी आहे आणि आतल्या भुकटीचा रंग कसा आहे? पावसाळ्याचा दोष असलाच तर तो या बाटलीत सापडेल, कारण दमट हवेत उघडी राहिलेली ही भुकटी हळूहळू बिघडते आणि तपकिरी पडते.

तपकिरी झाक बहुधा पॅलेडियमच्या बारीक कणांची आहे. क्रिया संपल्यावर द्रावण अमोनियम क्लोराइडच्या पाण्याने धुवा म्हणजे तांबे निघून जाईल, आणि मग सिलिकाच्या छोट्या थरातून गाळून घ्या. धातूचे कण राहिले तर सरांनी सांगितलेली 450 ची तपासणीही फसेल.

कातळसडा

सर आणि दादा, दोघांचेही मनापासून आभार. दादांच्या प्रश्नांची उत्तरे देताना माझ्याच लक्षात येत आहे की दोन्ही वेळची कृती «तीच» होती हे माझे म्हणणे बरोबर नव्हते.

फेब्रुवारीत सिलिंडर भरलेला होता आणि नळीतून नायट्रोजन सतत चालू होता. जुलैत सिलिंडर संपला, नवा घाटावरून यायचा होता, आणि आंबा घाटात दरड कोसळल्यामुळे गाडी चार दिवस पलीकडेच थांबली. मोनोमर तयार करून ठेवलेला होता आणि तो खराब होईल अशी भीती वाटत होती, म्हणून जुन्या सिलिंडरमधील उरलेल्या वायूने फुगा भरून तो सुईने रबरी बुचावर लावला. क्रिया 36 तास चालली. रात्री वीज गेली आणि सकाळी पाहिले तेव्हा फुगा लिंबाएवढा उरला होता. तो मी पुन्हा भरला. द्रावकातून नायट्रोजन 10 मिनिटे सोडला होता, पण कॉपर आयोडाइड टाकल्यानंतर. भुकटी पांढरी नाही, ती तपकिरी आहे.

उत्तर – सावंतवाडीकर, सध्या पुणे

ताई, तुमच्या फुग्यात सगळे उत्तर आहे. मी पुण्यात संयुग्मित पॉलिमरवरच काम करते आणि फुग्याचा अनुभव मीही घेतला आहे. फुग्याच्या पातळ रबरातून ऑक्सिजन आत झिरपतो. दोन-तीन तासांच्या क्रियेत ते खपून जाते. 36 तासांत, आणि तेही फुगा आकसलेला असताना, खपत नाही. पण एवढ्याशा हवेने घडी का मोडावी हे आकड्यांत पाहिल्याशिवाय पटत नाही, म्हणून तो हिशेब येथे मांडते.

समजा 100 मोनोमर घेतले. प्रत्येकावर एक आयोडीन आणि एक तिहेरी बंधाचे टोक आहे. हवेमुळे त्यातली 10 टोके एकमेकांना जोडली गेली, म्हणजे चुकीचे 5 बंध तयार झाले, आणि उरलेल्या 90 टोकांनी 90 आयोडीनशी बरोबर जोडणी केली. आता जोडायला टोकच उरलेले नाही आणि 10 आयोडीन तसेच पडून आहेत. एकूण बंध 95, म्हणून साखळ्या 100 वजा 95, म्हणजे 5. प्रत्येक साखळी सरासरी 20 एककांची, दोन्ही टोकांना आयोडीन, आणि प्रत्येक साखळीत सरासरी एक चुकीचा बंध.

आता हवा अजिबात नसताना 95 टक्क्यांवर क्रिया थांबली असती तर काय झाले असते? कॅरोदर्स यांच्या सूत्राने सरासरी लांबी 1 भागिले 0.05, म्हणजे पुन्हा 20 च. दोन्ही साखळ्यांची लांबी सारखी, आणि जीपीसी फक्त लांबीबद्दलच बोलते. तुमचे 24 आणि 20 हे आकडे पाहून नमुन्यांत फरक नाही असे तुम्हाला वाटले ते यामुळेच. एक साखळी अखंड 20 ची आहे आणि दुसरी, घडीच्या दृष्टीने, मध्ये जोड असलेले 10 आणि 10 चे दोन तुकडे आहेत.

त्या जोडाचा आकारही पाहा. बरोबर जोडणीत दोन वलयांच्या केंद्रांतील अंतर सुमारे 0.69 नॅनोमीटर असते. चुकीच्या जोडणीत दोन तिहेरी बंध एकापाठोपाठ येतात आणि तेच अंतर सुमारे 0.95 नॅनोमीटर होते. आमच्याकडे कोंबड्या झाकायचे डालगे विणतात त्याची वीण सहा कोनांची असते. एक कांब जाड निघाली की ते घर नीट मिटत नाही आणि पुढची घरेही सरकत जातात. तुमच्या मळसूत्रात तसेच होते. सहा बाजूंपैकी एक बाजू लांब झाली की सातवे वलय पहिल्यावर बसत नाही, वलयाचा चेहरा उघडा राहतो आणि तो उघडा चेहरा शेजारच्या साखळीला जाऊन चिकटतो. ॲसिटोनायट्राइलमधले तुमचे दाट द्रावण गढूळ होण्याचे कारण मला हेच दिसते. मूर यांच्या मूळ कामात 2 पासून 18 एककांपर्यंतच्या साखळ्या तपासल्या होत्या आणि आठच्या आसपास किंवा त्याहून कमी एककांच्या साखळ्या वळत नव्हत्या. दहा एककांचे तुकडे त्या सीमेच्या जेमतेम पलीकडचे आहेत, आणि दहा ही तर सरासरी झाली. निम्मे तुकडे त्याहून आखूडच असतील.

एक गोष्ट तुमच्या आकड्यांत पहिल्यापासून लिहिलेली होती. जुलैच्या नमुन्याचे गुणोत्तर क्लोरोफॉर्ममध्येच, म्हणजे कोणीही वळलेले नसताना, 1.08 ऐवजी 1.15 होते. लागून आलेल्या दोन तिहेरी बंधांना दोन्हीकडे बेंझिन जोडलेले असेल तर त्याचे शोषण 305 च्या जवळ आणि 327 च्या जवळ येते. पहिले शिखर तुमच्या 303 च्या डोक्यावर बसते आणि गुणोत्तर फुगवते. याचा अर्थ, जुलैच्या नमुन्यात हे गुणोत्तर वळणाचे माप म्हणून वापरताच येत नाही. दुसरे शिखर मात्र मोकळ्या जागेत येते, म्हणून क्लोरोफॉर्ममधील दोन्ही वर्णपट 303 ला सारख्या उंचीचे करून एकावर एक ठेवा आणि 320 ते 335 या पट्ट्यात जुलैचा खांदा दिसतो का ते पाहा. खात्री करायची असेल तर कार्बनचे एनएमआर (प्रत्येक प्रकारच्या कार्बनची खूण पीपीएम या मापावर वेगळी दाखवणारी चाचणी) करून घ्या. बरोबर जोडणीचे तिहेरी बंधाचे कार्बन 88 ते 90 पीपीएमच्या दरम्यान येतात, चुकीच्या जोडणीचे 81 आणि 74 च्या आसपास. नमुना भरपूर द्या आणि रात्रभर चालवायला सांगा, नाहीतर शंभरात पाच बंध दिसणार नाहीत.

येथे एक इशारा देते. दोष म्हटला की घडी मोडलीच, असा नियम मात्र प्रबंधात लिहू नका. एमईएच-पीपीव्ही या ताठ साखळीच्या बाबतीत पॉल बार्बरा आणि पीटर रॉस्की या अमेरिकी शास्त्रज्ञांच्या गटांनी 2000 मध्ये नेमके उलट दाखवले होते, आणि त्या कामात आपल्या बंगळुरूच्या बिमन बागची यांचाही सहभाग होता. त्या साखळीत अधूनमधून संयुग्मन तुटून चतुष्फलकीय (चारही बंध एकेरी असलेले) कार्बन आलेले असतात. तेथे साखळीला वाकायला सांधा मिळतो, आणि त्यामुळेच ती दुमडून सुबक दंडगोलासारखी होते. तुमच्या मेटा साखळीला वाकण्याची सोय आधीच प्रत्येक वलयापाशी आहे; तिला हवा आहे तो मापाचा नेमकेपणा. दोष उपकारक की मारक हे साखळी कशासाठी अडून बसली आहे यावर ठरते. म्हणूनच संश्लेषणाचे प्रकरण आणि घडीचे प्रकरण प्रबंधात दोन टोकांना ठेवू नका, असे मला अगदी मनापासून सांगायचे आहे. घडी कशी पडणार हे फ्लास्कमध्येच ठरलेले असते.

कोणी तुम्हाला याऐवजी पॉलिथायोफीन करा असे सुचवील. त्याच्या दुमडलेल्या साखळ्या ग्रॅफाइटच्या पृष्ठभागावर प्रत्यक्ष पाहिलेल्या आहेत, आणि क्लोरोफॉर्ममधल्या नारिंगी द्रावणात मिथेनॉल घातल्यावर येणारा जांभळा रंग पाहणे हे मोठे सुख आहे. परंतु ते ग्रिन्यार अभिकर्मकाने बनवतात आणि त्याला पाण्याचा थेंबही चालत नाही. कोकणातल्या जुलैत ते करू नका. तुमचा दमट हवेवरचा संशय त्या पॉलिमरबाबत शंभर टक्के खरा ठरला असता.

तुमच्यापुढे दोन वाटा आहेत. पहिली म्हणजे हीच कृती हवा पूर्ण काढून पुन्हा करणे. दुसरी लांबची, पण तुमच्या विषयाला अधिक न्याय देणारी: एकसारख्या लांबीच्या साखळ्या टप्प्याटप्प्याने बांधणे. आयोडीनच्या जागी ट्रायझीन (एका ओळीत जोडलेल्या तीन नायट्रोजनांचा गट, तीन नायट्रोजनांचे वलय नव्हे) हा गट लावून ते टोक झाकून ठेवायचे आणि तिहेरी बंधाचे टोक ट्रायमिथिलसिलिलने झाकायचे. मग निम्म्या मालाचे एक टोक उघडायचे, निम्म्याचे दुसरे, आणि दोघांची जोडणी करायची. दोनाचे चार, चाराचे आठ, आठाचे सोळा होतात आणि प्रत्येक पायरीला स्तंभातून शुद्ध करता येते, म्हणजे चुकीच्या जोडणीचा माल तेथेच वेगळा निघतो. सिलिलचा गट काढताना मात्र पोटॅशियम कार्बोनेट आणि मिथेनॉल ही स्वस्त पद्धत वापरू नका, कारण तुमची शेपटी एस्टरने जोडलेली आहे आणि मिथेनॉल तिची जागा घेऊ शकते. टीबीएएफ हे फ्लुओराइडचे अभिकर्मक वापरा. ट्रायझीनचे पुन्हा आयोडीन करायला मिथाइल आयोडाइडबरोबर बंद नळीत 110 अंशांपर्यंत तापवावे लागते. ते विषारी आणि अतिशय बाष्पशील आहे, त्यामुळे धुरांड्याचा पंखा नीट चालत असल्याची खात्री असल्याशिवाय आणि वीज जाण्याचा संभव असताना ती पायरी हाती घेऊ नका.

भट्टी आणि फ्लास्क

पहिली वाट घेतलीत तर एवढे करा. द्रावक आणि अमाइन मोनोमरसह फ्लास्कमध्ये घ्या, लांब सुई तळापर्यंत नेऊन नायट्रोजन किमान 30 मिनिटे सोडा, बाहेर जाणारा वायू तेलाच्या बुडबुड्यांच्या बाटलीतून जाऊ द्या, आणि मग पॅलेडियम व सर्वांत शेवटी नव्या बाटलीतील कॉपर आयोडाइड टाका. क्रिया संपेपर्यंत बुडबुडे दिसत राहिले पाहिजेत. सिलिंडरमध्ये दोन दिवस पुरेल एवढा दाब नसेल तर त्या दिवशी सुरू करू नका. मोनोमर फ्रीजमध्ये अंधारात आठवडाभर थांबेल.

कातळसडा

दहा दिवसांनी लिहीत आहे. 1 मिलिमीटरचा क्वार्ट्झ क्युवेट दुसऱ्या विभागाकडून मिळाला आणि सरांची कसोटी दोन्ही नमुन्यांवर करून पाहिली. फेब्रुवारीच्या नमुन्याचे पातळ आणि दाट द्रावणाचे वर्णपट ॲसिटोनायट्राइलमध्ये एकमेकांवर इतके नेमके बसले की छापील कागदावर एकच रेघ दिसते. जुलैचे जुळले नाहीत, आणि दाट द्रावणाची रेषा 450 ला शून्यावरून स्पष्ट उचललेली आहे. अमोनियम क्लोराइडने धुऊन, सिलिकातून गाळून पुन्हा मोजले, तेव्हा तपकिरी रंग बराच गेला, पण रेषा उचललेलीच राहिली.

क्लोरोफॉर्ममधले दोन्ही वर्णपट पुण्याच्या ताईंनी सांगितल्याप्रमाणे 303 ला सारख्या उंचीचे केले. जुलैच्या रेघेला 328 पाशी खांदा आहे. आधी मोजताना मी 320 च्या पुढे पाहिलेच नव्हते, कारण मला फक्त दोन आकडे हवे होते. फेब्रुवारीच्या रेघेलाही तेथे किंचित फुगवटा आहे, म्हणजे त्या नमुन्यातही थोडे चुकीचे बंध असावेत.

खाडीकाठ

जुलैचा नमुना टाकून देऊ नका. 20 एककांची, जवळजवळ प्रत्येक साखळीत एक चुकीचा जोड असलेली आणि लांबीने फेब्रुवारीच्या जवळची अशी साखळी कोणी मुद्दाम बनवत नाही. तुलनेसाठी ती तुम्हाला आयती मिळाली आहे. दोन्ही नमुन्यांवर द्रावक-मिश्रणाचा प्रयोग करा आणि आलेख एकाच कागदावर काढा. जुलैच्या नमुन्यात गुणोत्तर वापरता येणार नाही हे खरे, म्हणून तेथे प्रदीपन (फ्लुओरेसन्स), म्हणजे प्रकाश शोषून साखळी जो प्रकाश बाहेर टाकते तो, मोजा. ॲसिटोनायट्राइलचे प्रमाण वाढत जाईल तसा लांब तरंगलांबीकडे रुंद पट्टा उगवतो का, आणि दोन्ही नमुन्यांत तो एकाच मिश्रणाला उगवतो का, ते पाहा. द्रावण मात्र अगदी पातळ ठेवा, नाहीतर चिकटलेल्या साखळ्याही तसाच पट्टा देतील.

कातळसडा

होय सर, प्रदीपनमापक आमच्याकडे आहे. उद्यापासून 10-10 टक्क्यांच्या पायऱ्यांनी सुरू करते. कार्बन एनएमआरसाठी दोन्ही नमुने 60-60 मिलिग्रॅम मोजून बाटल्यांत भरले आहेत आणि सोबतच्या चिठ्ठीवर 70 ते 95 पीपीएमचा भाग मोठा करून छापावा असे लिहिले आहे. सिलिंडर आला आहे, पण नवा कॉपर आयोडाइड अजून यायचा आहे, त्यामुळे पुन्हा संश्लेषण चतुर्थीच्या सुटीनंतरच होईल. तोवर ताईंच्या दुसऱ्या वाटेसाठी ट्रायझीनची पहिली पायरी लहान प्रमाणावर करून पाहते. मिथाइल आयोडाइडची पायरी पाऊस ओसरून वीज नियमित झाल्यावर. आलेख तयार झाले की दोन्ही येथे लावते.